सोळाव्या महिन्याचा योगायोग : लस आणि स्वमग्नता

शासकीय लसीकरण कार्डावर सोळा ते चोवीस महिने असा एक रकाना असतो. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील लसीचा) पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर त्यात येतात. मूल बोलत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, आलेले दोन-चार शब्दही गेले, हे घरच्यांच्या ध्यानात येते तेही याच वयात. लस आणि स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, यांचा संबंध जोडणारा वाद मुख्यतः या एका रकान्यातून उगवतो. लसीची तारीख कार्डावर लिहिलेली असते. बोलणे नेमके कोणत्या दिवशी मावळू लागले याची नोंद कुठेच नसते. मन मग हाताशी असलेली तारीख उचलते.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असे मराठी माणूस सहज म्हणतो. पण म्हण हा काही पुरावा नव्हे. एखाद्या वेळी फांदी खरोखर कावळ्याच्या भारानेही मोडत असेल. ते तपासूनच कळते. सातारा जिल्ह्यातील कराड परिसराला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. १९६०च्या दशकाच्या आरंभी कोयना धरणाच्या जलाशयात पाणी साठू लागले आणि पाटण तालुक्यात जमीन हादरू लागली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर जमीनदोस्त केले. सुमारे १८० माणसे गेली. धरणामुळे भूकंप झाला, ही शंका तेव्हा अनेकांना अतिरंजित वाटली होती. शास्त्रज्ञांनी ती तपासायला घेतली. पाण्याची पातळी कधी चढते, किती वेगाने चढते, किती काळ वर टिकते, याच्याशी धक्क्यांचे वेळापत्रक ताडून पाहिले. ते जुळले. खडकातील भेगेत ताण आधीपासूनच होता, पाण्याने निमित्त पुरवले, असा निष्कर्ष निघाला, आणि त्याचा पुढचा अभ्यास आजही कराडजवळ हजारमाचीच्या बोअरहोल भूभौतिकी प्रयोगशाळेतून चालू आहे. म्हणजे ‘आधी हे घडले, मग ते घडले’ ही शंका तिथे कसोटीला उतरली. लसीबाबत हाच प्रश्न याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर विचारला गेला आणि उत्तर उलटे आले. शंका घेणाऱ्या पालकांना अडाणी ठरवण्याचे कारण नाही. मात्र तपास होऊन गेल्यावर शंका आणि पुरावा यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

वादाची सुरुवात लंडनमध्ये झाली. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध छापून आला. त्यात फक्त बारा मुले होती. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीनंतर काहींमध्ये आतड्यांचा विकार आणि स्वमग्नतेची लक्षणे दिसली, असे त्यात सुचवले होते. तुलनेसाठी लस न घेतलेली मुले नव्हती. पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ पासून या प्रकरणाचा माग काढला. लसकंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांना चार लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली होती आणि गोवराच्या वेगळ्या लसीसाठी त्यांनी पेटंटचा अर्जही केला होता, हे उघड झाले. मुलांच्या नोंदी निबंधातील वर्णनाशी जुळत नव्हत्या. २००४ मध्ये तेरापैकी दहा लेखकांनी निष्कर्षातून अंग काढून घेतले, फेब्रुवारी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले.

भारतीय वाचकाने यातील एक तपशील आवर्जून लक्षात ठेवावा. वेकफील्ड यांचा आक्षेप या एकत्रित, म्हणजे तिहेरी लसीवर होता; गोवराची लस सुटी द्यावी, असे ते सांगत. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात तेव्हा गोवराची सुटीच लस दिली जात होती. आजही शासकीय केंद्रात मिळते ती गोवर-रुबेला ही दुहेरी लस. गालगुंडासह तिहेरी लस खासगी बालरोगतज्ज्ञांकडे मिळते. लंडनमधल्या तिहेरी लसीविषयीचा संदेश मोबाईलवरून फिरत फिरत उंब्रजच्या किंवा इस्लामपूरच्या आईपर्यंत पोचतो, तेव्हा तो तिच्या बाळाला मिळणाऱ्या कुपीविषयी नसतोच.

वेकफील्ड यांचे वर्तन वाईट होते म्हणून त्यांचे म्हणणे खोटे ठरत नाही. ते खोटे ठरले स्वतंत्र तपासातून. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या आरोग्यनोंदी एका क्रमांकाने जोडलेल्या असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न स्वच्छपणे विचारता आला. २००२ मध्ये ५ लाख ३७ हजार मुलांचा आणि २०१९ मध्ये ६ लाख ५७ हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा जास्त नव्हते. जपानचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. तिथे तिहेरी लस १९९३ मध्ये वेगळ्याच कारणाने बंद झाली. लस हे कारण असते तर त्यानंतर जन्मलेल्या मुलांत निदाने घटायला हवी होती. योकोहामा शहरात ती वाढतच गेली. कोयनेत पाणी आणि धक्के एकमेकांच्या मागे धावत होते. इथे लस थांबली तरी आलेख थांबला नाही.

तिहेरी लस निर्दोष ठरली, तसा संशय दुसरीकडे सरकला. पहिला थांबा थायोमर्सल. एका कुपीतून अनेक बाळांना डोस द्यायचा असेल तर सुई पुन्हा पुन्हा आत जाते. जंतू वाढू नयेत म्हणून हे पारायुक्त संरक्षक अत्यल्प प्रमाणात घातले जाते. त्रिगुणी आणि पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) यांच्या बहुडोस कुप्यांमध्ये ते असते. गोवर-रुबेलामध्ये नसते, कारण ती जिवंत विषाणूंची लस आहे आणि संरक्षकाने ती निकामी होईल. थायोमर्सलमधून शरीरात तयार होणारा एथिल पारा काही दिवसांत बाहेर पडतो. माशांतून येणारा आणि शरीरात साठणारा मिथिल पारा वेगळा. डेन्मार्कने थायोमर्सल १९९२ मध्ये थांबवले, अमेरिकेने २००१ पर्यंत बालकांच्या नेहमीच्या लसींतून काढले. दोन्ही देशांत स्वमग्नतेची निदाने त्यानंतरही वाढली. पुढचा थांबा काही लसींत परिणाम वाढवण्यासाठी घातले जाणारे ॲल्युमिनियमचे क्षार. त्यावर जुलै २०२५ मध्ये डेन्मार्कमधूनच सुमारे १२ लाख मुलांचा अभ्यास आला. संबंध आढळला नाही. ‘इतक्या लसी एकदम’ हा तिसरा मुद्दा. जुन्या संपूर्ण पेशींच्या डांग्या खोकल्याच्या लसीत प्रतिकारशक्तीला जागवणारे घटक हजारोंनी असत. अमेरिकेने ती १९९०च्या दशकात बदलल्यावर घटकांची एकूण संख्या काही शेकड्यांवर आली, आणि निदाने मात्र त्याच काळात चढली.

२०२५च्या अखेरीस अमेरिकेतून आलेल्या बातम्यांनी जुना वाद पुन्हा तापवला. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या संकेतस्थळावरील मजकूर नोव्हेंबरमध्ये बदलला आणि लसींमुळे स्वमग्नता होत नाही हे विधान पुराव्यावर आधारलेले नाही, असे लिहिले गेले. ‘आता अमेरिकाच कबूल करते’ असा संदेश त्यातून निघाला. बदल झाला तो राजकीय नेतृत्व बदलल्यानंतर. त्यामागे कोणता नवा अभ्यास नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या लससुरक्षा समितीने डिसेंबर २०२५ मध्ये २०१० नंतरचे संशोधन पुन्हा चाळून संबंध नसल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. त्याआधी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतून गरोदरपणातील पॅरासिटामॉलवरही असेच बोट ठेवले गेले होते. त्यावर २०२४ मध्येच स्वीडनचा सुमारे २५ लाख मुलांचा अभ्यास आलेला होता. एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केली, तेव्हा फरक उरला नव्हता. शिवाय तो प्रश्न गरोदरपणाचा आहे. लसीनंतर बाळाला ताप आला म्हणून डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेल्या औषधाशी त्याचा काही संबंध नाही.

मग कारण काय?

स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतील फरक आहे आणि तो बहुतांशी जन्मापूर्वी सुरू होतो. पाच देशांतील २० लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. याचा अर्थ घराण्यात कुणी ‘तसे’ असलेच पाहिजे असा नाही. शेकडो जनुकांचे लहान लहान फरक एकत्र येतात, काही बदल तर त्या मुलात पहिल्यांदाच उद्भवतात. आई-वडिलांचे वाढलेले वय, फार अपुऱ्या दिवसांचा जन्म, गरोदरपणी अपस्मारासाठी घेतलेले व्हॅल्प्रोएट हे औषध यांनी शक्यता वाढते. (व्हॅल्प्रोएट स्वतःच्या मनाने बंद करू नये, दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलावे.) आईने माया कमी केली म्हणून मूल असे झाले, ही समजूत पाश्चात्त्य मानसोपचारात कितीतरी वर्षे चालली आणि नंतर टाकून दिली गेली. आपल्याकडे तिचे घरगुती रूप अजून भेटते: सून नोकरी करते म्हणून, मुलाला पाळणाघरात ठेवले म्हणून. त्याला आधार नाही.

लक्षणे लसीच्या आधीपासून असतात, हेही दाखवता आले आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये संशोधकांनी मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती मिळवल्या. पुढे ज्यांचे निदान झाले ती मुले त्या चित्रफितींत माणसांच्या चेहऱ्याकडे कमी पाहत होती, नाव घेतले तरी कमी वळत होती, बोटाने कमी दाखवत होती. त्या दिवशी ते कुणाच्या लक्षात आले नव्हते, कारण पाहणाऱ्यांचे लक्ष केककडे होते. काही मुले मात्र दीड वर्षापर्यंत ठीक वाढून मग आलेले शब्द गमावतात. याला मागे जाणे म्हणतात. ते खरे असते, आई-वडिलांचा भास नसतो. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही गटांत ते होते.

ज्ञात कारणांच्या यादीत एक नाव असे आहे की त्याने हा सारा वादच उलटा होतो. ते म्हणजे रुबेला. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष राहतात, आणि स्वमग्नताही. अमेरिकेत १९६४ मध्ये रुबेलाची मोठी साथ आली होती. न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी त्या साथीतील २४३ मुलांना तपासले आणि १८ जणांत स्वमग्नतेची पूर्ण वा अंशतः लक्षणे नोंदवली; हा अभ्यास १९७१चा. म्हणजे ज्या लसीवर आरोप आहे, तीच स्वमग्नतेचे एक सिद्ध कारण रोखते. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. मुलीला लहानपणी ही लस मिळाल्याची नोंद नसेल तर दिवस राहण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घ्यावी आणि त्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी. गरोदरपणात ती देत नाहीत.

निदाने का वाढली, याचे उत्तर बरेचसे व्याख्येत आणि नजरेत आहे. १९९४ मध्ये निदानाचे निकष रुंदावले आणि २०१३ मध्ये ते पुन्हा बदलले. अमेरिकेत २००० साली दीडशे मुलांत एक असे प्रमाण होते, २०२२च्या नोंदीत ते एकतीस मुलांत एक झाले. भारतातील १९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तो आणला आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत तो पक्का झाला. त्याआधी ही मुले गावात नव्हती असे नाही. कुणाला मुका म्हणत, कुणाला गतिमंद, कुणाला नुसते ‘एकलकोंडे आहे’. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण शंभरात एक मूल स्वमग्न आढळले. वैद्यकीय दप्तरात नव्हते ते दप्तरात आले, असाच याचा बराचसा अर्थ.

लसीचा खरा धोका आणि त्याचा बंदोबस्त

लस पूर्णपणे निरुपद्रवी असते असे सांगणारा डॉक्टर पालकांचा विश्वास गमावतो. पेंटाव्हॅलंट किंवा त्रिगुणीनंतर त्याच रात्री ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिरते. गोवर-रुबेलाचा ताप मात्र सातव्या ते बाराव्या दिवशी येतो, अंगावर बारीक पुरळही उठते; आठवडा उलटल्यावर आल्यामुळे तो लसीचा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. तीन-चार हजारांत एखाद्या मुलाला त्या तापात झटका येतो. तो पाहणाऱ्याला भयंकर वाटतो, पण तापातल्या अशा साध्या झटक्याने मेंदूला इजा होत नाही आणि स्वमग्नता येत नाही. तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखादी, आणि ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासात दिसते. टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबायला सांगतात ते यासाठी. एस.टी. चुकेल म्हणून हा अर्धा तास सोडू नये.

याहून गंभीर धोका हाताळणीतला आहे. जानेवारी २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाची लस घेतल्यानंतर तीन बाळे दगावली. प्राथमिक चौकशीत लस साठवण्या-हाताळण्यातली हलगर्जी पुढे आली. यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओच्या थेंबांऐवजी बारा मुलांना सॅनिटायझर पाजले गेले. ती मुले सुदैवाने बचावली. स्वमग्नतेच्या चर्चेत जाणारी पालकांची शक्ती या प्रश्नांकडे वळली तर अधिक उपयोगी पडेल. गोवर-रुबेलाची भुकटी द्रावकात मिसळल्यावर कुपी चार तासांत संपवायची किंवा टाकून द्यायची असते. कुपी किती वाजता फोडली हे नर्सबाईंना विचारावे. ती वेळ कुपीवर लिहिण्याची पद्धत आहे, आणि नीट काम करणाऱ्या नर्सबाईंना या प्रश्नाचा राग येत नाही. सुई पाकिटातून समोर काढली जाते का, कुपी बर्फाच्या डब्यात आहे का, हेही डोळ्यांनी पाहता येते. लसीनंतर बाळ निपचित पडले, सतत तीन तासांहून अधिक रडले, झटका आला किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लसीनंतरची प्रतिकूल घटना म्हणून नोंद करायला लावावी. अशा नोंदींची जिल्हा पातळीवर चौकशी होते.

डोस टाळल्याची किंमत महाराष्ट्राने अलीकडेच पाहिली. गोवर-रुबेला मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्यभर सुरू झाली, तेव्हा काही शाळांत पालकांनी लस नाकारली. करोनाच्या काळात नेहमीचे लसीकरणही मागे पडले. २०२२च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ आली, राज्यात काही मुले दगावली आणि सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस देण्याची वेळ आली. ‘गोवर काय, सगळ्यांनाच येऊन जातो’ हे वाक्य ज्या पिढीत रूढ झाले, त्या पिढीत गोवरातून न वाचलेली भावंडेही होती. त्यांच्याविषयी घरात बोलले जात नसे. गोवर शरीराची जुनी प्रतिकारशक्ती पुसून टाकतो, आणि क्वचित बऱ्या झालेल्या मुलाच्या मेंदूला काही वर्षांनी जीवघेणा विकार करतो.

एखादा डोस चुकला असेल तर मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. राहिले तिथून पुढे जाता येते. शासकीय कार्यक्रमात गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत आणि त्रिगुणी सात वर्षांपर्यंत देतात. साखर कारखान्यांच्या हंगामात कृष्णाकाठी उतरणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची मुले या बाबतीत सर्वांत मागे पडतात: गाव बीडकडे, फड कराडकडे, कार्ड तिसरीकडेच. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला तर कोणत्याही गावच्या उपकेंद्रात पुढचा डोस मिळतो. त्यासाठी रहिवासाचा दाखला लागत नाही.

संशय आलाच तर

पालकांनी लक्ष ठेवायचे ते सुईवर नव्हे, बाळाच्या नजरेवर. तीन महिन्यांच्या सुमारास बाळ माणसाकडे पाहून हसते. नऊ ते बारा महिन्यांत नाव घेतल्यावर वळते, पदराआड तोंड लपवून भो केले की खिदळते, टाटा करते. वर्षाच्या आसपास हवी ती वस्तू बोटाने दाखवते, आणि नुसती मागण्यासाठी नव्हे: अंगणात कुत्रे दिसले तर बोट दाखवून आजीच्या तोंडाकडे पाहते, तिलाही दिसले ना हे बघायला. हे ‘तूही बघ’ असे दाखवणे स्वमग्न मुलात बहुधा उशिरा येते किंवा येतच नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई दे’ किंवा ‘बाबा गेला’ अशी दोन शब्दांची जोड नाही, किंवा कोणत्याही वयात आलेले बोलणे गेले, तर थांबू नये. एकच एक वस्तू फिरवत राहणे, हात फडफडवणे, पंख्याकडे टक लावणे, मिक्सरच्या आवाजाने कान दाबणे ही लक्षणे सुटी सुटी कोणत्याही मुलात दिसतात. नजर, इशारे आणि बोलणे यांत उणीव असताना ती दिसली तर त्यांना अर्थ येतो.

वेळ सर्वांत जास्त वाया जातो तो घरच्या दिलाशात. मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, ही वाक्ये प्रेमापोटी येतात आणि त्यांत दोन वर्षे जातात. मोबाईल हे दुसरे निमित्त. तासन्‌तास मोबाईल दिल्याने बोलणे मागे पडू शकते आणि तो काढून घेणे चांगलेच. पण मोबाईल बंद करून सहा महिने बघू, असे म्हणत तपासणी लांबवू नये. दोन्ही एकाच आठवड्यात करता येतात.

पहिली तपासणी कानांची. बोलत नसलेले मूल ऐकू न येणारे असू शकते. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठीची वीस प्रश्नांची हो-नाही प्रश्नावली भरून घेतात. तीत जास्त गुण मिळणे म्हणजे निदान नव्हे, पुढे पाठवण्याची खूण. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, आणि विकासातील विलंब शोधणे हे त्यांच्या कामात आहे. हा कार्यक्रम देशात सर्वप्रथम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. पथक येणार त्या दिवशी सेविकेला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर गप्प बसलेले मूल ‘शहाणे’ म्हणून पुढे सरकते. पथकाकडून किंवा कराडच्या उपजिल्हा रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाता येते. मलकापूरचे कृष्णा रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही मोठी ठिकाणे जवळ आहेत. निदानाचा कागद हाती येईपर्यंत वाचा-उपचार आणि खेळातून शिकवणे थांबवून ठेवू नये. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात, आणि त्या दाखल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो.

निदान झालेल्या घराभोवती उपाय विकणारे लवकर जमतात. शरीरातील ‘लसीचा पारा’ काढण्याच्या नावाखाली दिली जाणारी किलेशनची औषधे धोक्याची आहेत. अमेरिकेत २००५ मध्ये पाच वर्षांचा एक मुलगा अशा उपचारात दगावला. मूळपेशींच्या महागड्या इंजेक्शनांविषयी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की स्वमग्नतेसाठी त्यांची शिफारस करता येत नाही आणि ती देणे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल. शेत विकून असे उपचार करण्यापेक्षा त्याच पैशांत दोन-तीन वर्षे नियमित वाचा-उपचार होतात. ‘पूर्ण बरा करतो’ असे कुणी लेखी द्यायला तयार नसेल, तर तोंडी आश्वासनाला किती किंमत द्यायची ते पालकांनीच ठरवावे.

थोरले मूल स्वमग्न असेल तर धाकट्याची शक्यता वाढलेलीच असते. अलीकडच्या मोठ्या अभ्यासात अशा धाकट्या भावंडांपैकी साधारण पाचातले एक स्वमग्न आढळले. त्यामुळे धाकट्याकडे सहाव्या महिन्यापासूनच बारीक लक्ष ठेवावे, पण त्याची लस अडवू नये. थोरली भावंडे असलेल्या सुमारे ९५ हजार अमेरिकन मुलांच्या २०१५च्या अभ्यासात, थोरले भावंड स्वमग्न असतानाही लसीने धाकट्याचा धोका वाढलेला दिसला नाही. घाबरून डोस टाळणारी घरे बहुधा हीच असतात.

स्वमग्न मुलालाही सर्व लसी द्यायच्या असतात. अडचण येते ती गर्दीची. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात रडारड, गोंगाट, अनोळखी हात असतात आणि असे मूल दारातच कोलमडते. आशाताईंशी आधी बोलून सत्राच्या सुरुवातीला किंवा अगदी शेवटी जावे. आदल्या दिवशी घरी खेळण्यातल्या सिरिंजने बाहुलीला टोचून दाखवावे, कुठे जायचे आणि किती वेळ बसायचे ते चित्रांनी सांगावे. मुलाला आडवे दाबून न धरता मांडीवर छातीशी घेऊन बसावे, आवडती वस्तू हातात द्यावी, आणि ‘दुखणार नाही’ असे खोटे सांगू नये. पाच-सहा वर्षांचा त्रिगुणी बूस्टर आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस अनेकदा शाळेत, रांगेत उभे करून दिली जाते. त्या दिवशी वर्गशिक्षिकेला आधी कळवून मुलाला वेगळ्या खोलीत, घरच्या माणसासोबत लस देण्याची व्यवस्था करता येते.